धुळे मोडले, जळगाव टिकले: एका एक्सएमएल फाइलमधील अक्षरबिघाडाचे प्रकरण

कापूस खरेदी केंद्रांवरील वजनकाट्यासाठी जावामध्ये लिहिलेली एक छोटी प्रणाली आम्ही जळगावहून सांभाळतो. ट्रॅक्टर किंवा पिकअप काट्यावर चढली की भरलेले वजन, माल उतरवल्यावर रिकामे वजन आणि त्यांतून निघणारे निव्वळ वजन ती नोंदवते आणि शेतकऱ्याच्या हाती मराठीत छापलेली पावती देते. पावतीवर काय छापायचे, म्हणजे तालुक्यांची आणि गावांची नावे, हमाली आणि तोलाईची शीर्षके, तळाच्या सूचना, हे सगळे एका एक्सएमएल फाइलमध्ये, म्हणजे ‘टॅग’ नावाच्या खुणांनी बांधलेल्या मजकुराच्या फाइलमध्ये, असते. ही फाइल केंद्रावर दोन तुकडे जोडून तयार होत असे. पहिला तुकडा सर्व केंद्रांना समान होता, आम्ही तो यूटीएफ-८ या एन्कोडिंगमध्ये, म्हणजे अक्षरे बाइटांच्या रूपात साठवण्याच्या पद्धतीत, पाठवत होतो आणि त्यात खानदेशातील पंचवीस तालुक्यांची मराठी नावे होती. दुसरा तुकडा त्या त्या केंद्राचा होता. त्यात इंग्रजीतील पत्ता, पोर्ट क्रमांक आणि प्रिंटरचे नाव एवढेच असायचे. गावांची यादी आणि तळाच्या सूचना मात्र केंद्रावरची माणसे सेटिंगच्या पडद्यावरून भरत असत, आणि त्यांची प्रत आमच्याकडे नव्हती. ही शेवटची गोष्ट पुढे महागात पडली.

दिवाळीनंतरच्या गर्दीच्या आठवड्यात धुळे तालुक्यातील एका केंद्रावर पत्ता बदलायचा होता. नवीन पत्ता लेटरहेडच्या वर्ड फाइलमधून उचलून दुसऱ्या तुकड्यात चिकटवला गेला, नोटपॅडमध्ये जतन केला गेला आणि जोडणीची आज्ञा चालवली गेली. प्रणाली सुरूच होईना. पडद्यावर एकच ओळ आली: ‘इनव्हॅलिड बाइट १ ऑफ १-बाइट यूटीएफ-८ सीक्वेन्स’. रस्त्यावर ट्रॅक्टरांची रांग उभी होती. आमच्या एका सहकाऱ्याने फोनवर उपाय सांगितला: फाइलच्या पहिल्या ओळीत, एन्कोडिंगच्या घोषणेत, ‘यूटीएफ-८’ लिहिले आहे तिथे ‘विंडोज-१२५२’ लिहा. तसे करताच प्रणाली सुरू झाली, वजने होऊ लागली आणि सगळ्यांनी सुटकेचा श्वास सोडला. या प्रकरणातील खरे नुकसान त्या क्षणापासून सुरू झाले.

मूळ चूक फक्त एका बाइटची होती. दोन शब्दांमध्ये मोकळी जागा सोडून साधी आडवी रेघ टाकली की वर्ड ती स्वतःहून थोडी लांब करतो. युनिकोडमध्ये, म्हणजे सर्व लिप्यांच्या अक्षरांना क्रमांक देणाऱ्या मानकात, या लांब रेघेचा दशमान क्रमांक ८२११ आहे. विंडोज-१२५२ या जुन्या पाश्चात्त्य संचात तिला एकच बाइट आहे, हेक्समध्ये, म्हणजे सोळाच्या अंकपद्धतीत, ९६, तर यूटीएफ-८ मध्ये तिला तीन बाइट लागतात. नोटपॅडने फाइलच्या सुरुवातीला खूण न टाकणारे यूटीएफ-८ हा मूळ पर्याय धरला तो विंडोज १० च्या १९०३ आवृत्तीपासून. केंद्रावरचा संगणक त्याहून जुना होता आणि त्याने तुकडा ‘एएनएसआय’ म्हणून, म्हणजे विंडोज-१२५२ मध्ये, जतन केला. तुकड्यात मराठी अक्षर नसल्यामुळे नोटपॅडने नेहमीची धोक्याची सूचनाही दिली नाही. पुढे जोडणीच्या आज्ञेने दोन्ही तुकड्यांचे बाइट जसेच्या तसे एकामागे एक ठेवले आणि यूटीएफ-८ च्या फाइलमध्ये विंडोज-१२५२ चा एक एकटा बाइट येऊन बसला. यूटीएफ-८ मध्ये ९६ हा बाइट एखाद्या अक्षराच्या मध्ये किंवा शेवटी येऊ शकतो, सुरुवातीला कधीच येऊ शकत नाही. म्हणून पार्सर, म्हणजे एक्सएमएल वाचणारा भाग, थांबला, आणि त्याचे थांबणे योग्यच होते. ज्या एन्कोडिंगची घोषणा आहे त्यात न बसणारे बाइट आढळले तर ती मारक चूक मानून काम थांबवायचे, असे एक्सएमएलचे मानक सांगते.

हा बाइट शोधायला त्या दिवशी कुणी बसले असते तरी एक गंमत आडवी आली असती. ‘ख’ हे अक्षर यूटीएफ-८ मध्ये ई० ए४ ९६ असे लिहिले जाते, म्हणजे त्याचा शेवटचा बाइटही ९६ च. ज्या भागात दर दोन कोसांवर एखादे खेडे नावाने ‘खेडे’ किंवा ‘खेडा’ असते, तिथल्या गावांच्या यादीत ९६ शोधायला गेले तर पानभर निकाल येणार. ज्याच्या आधी ई० ए४ नाही असा एकमेव ९६ शोधणे हा खरा शोध होता आणि तो पाच मिनिटांचा होता. पार्सरने ओळ क्रमांक दिला नव्हता. दिला असता तरी त्यावर विसंबता आले नसते, कारण पार्सर बाइटांचा मोठा गठ्ठा एकदम उलगडतो आणि अडखळण्याची जागा नेमकी सांगतोच असे नाही.

त्याऐवजी पहिली ओळ बदलली गेली. तिचा परिणाम समजण्यासाठी दोन एन्कोडिंगांच्या स्वभावातील फरक पाहावा लागतो. यूटीएफ-८ कडक आहे. कुठल्या बाइटामागे कोणता बाइट येऊ शकतो याचे नियम त्यात ठरलेले आहेत आणि भलता बाइट लगेच उघडा पडतो. विंडोज-१२५२ मध्ये जवळजवळ प्रत्येक बाइट म्हणजे एक स्वतंत्र अक्षर, त्यामुळे काहीही समोर आले तरी ते वाचले जाते. देवनागरीच्या संचात एकशे अठ्ठावीस जागा आहेत आणि त्यांतील प्रत्येकीला यूटीएफ-८ मध्ये तीन बाइट लागतात. पहिला नेहमी ई०, दुसरा ए४ किंवा ए५, आणि तिसरा त्या अक्षराचा स्वतःचा. विंडोज-१२५२ च्या चष्म्यातून पाहिले तर ई० म्हणजे डोक्यावर उलटी तिरकी रेघ असलेला रोमन लिपीतील लहान ‘ए’, ए४ म्हणजे चलनाचे सर्वसाधारण चिन्ह आणि ए५ म्हणजे जपानी येनचे चिन्ह. त्यामुळे पावतीवर प्रत्येक मराठी अक्षराच्या जागी तीन तीन विचित्र चिन्हे उमटू लागली आणि त्यांत पैशाची चिन्हे सगळीकडे विखुरलेली होती. काट्यावरच्या नानांनी दुसऱ्या दिवशी फोनवर विचारले, “गावाच्या नावात हे पैशाचं चिन्ह कशाला आलं, भाऊ?” आणि त्याआधी एका शेतकऱ्याने पावती उलटसुलट करून त्यांना विचारले होते, “भाऊ, यामा मन्हं गाव कोठे शे?” आकडे बरोबर होते, त्यामुळे काम थांबले नाही. फॉन्ट उडाला असेल, असे सर्वांनी धरले. आपल्याकडे छापखान्यांत आणि कार्यालयांत वर्षानुवर्षे युनिकोडच्या आधीचे फॉन्ट वापरले गेले. त्यात फॉन्ट नसला की खरोखरच असे अगम्य रोमन अक्षरांचे जाळे दिसत असे, आणि ती सवय अजून गेलेली नाही.

तिसऱ्या दिवशी नानांनी हमालीचा दर बदलला आणि ‘जतन करा’ हे बटण दाबले. आमची प्रणाली जतन करताना संपूर्ण फाइल नव्याने लिहिते, नेहमी यूटीएफ-८ मध्ये, आणि पहिली ओळही स्वतःच नव्याने टाकते. याचा अर्थ असा की पडद्यावरची ती विचित्र चिन्हे आता अधिकृतपणे, अगदी शुद्ध यूटीएफ-८ मध्ये नोंदली गेली आणि पहिल्या ओळीत पुन्हा ‘यूटीएफ-८’ आले. विंडोज-१२५२ चा मागमूसही उरला नाही.

मी एसटीने धुळ्याकडे निघालो तेव्हा मला त्या फोनवरच्या उपायाबद्दल काहीच ठाऊक नव्हते. केंद्रावर जाऊन पाहतो तो पहिली ओळ बरोबर, पार्सरची तक्रार नाही, तपासणीच्या साधनांनुसार फाइल निर्दोष. जावा १८ पासून, म्हणजे मार्च २०२२ पासून, यूटीएफ-८ हाच मूळ अक्षरसंच धरला जातो हे आठवून मी जावाची आवृत्तीही पाहिली. तो वेळ वाया गेला, कारण एक्सएमएल वाचताना पार्सर फाइलमधील घोषणेप्रमाणे चालतो, जावाच्या मूळ संचाप्रमाणे नव्हे. शेवटी पडद्यावर विसंबणे सोडून बाइट पाहायला घेतले. पॉवरशेलमध्ये ‘फॉरमॅट-हेक्स’ ही आज्ञा आहे, तेवढी पुरली. ‘जळगाव’ हा शब्द पाच चिन्हांचा, म्हणजे पंधरा बाइटांचा असायला हवा होता; इथे तो एकतीस बाइटांचा निघाला. ई० च्या जागी सी३ ए० दिसत होते, ए४ च्या जागी सी२ ए४. संपूर्ण फाइल बॅकअपमधील जुन्या समान तुकड्याच्या मानाने दुपटीहून मोठी झाली होती. एकाच मजकुराचे दोनदा एन्कोडिंग झाले की हेच दिसते. सहकाऱ्याला फोन लावला तेव्हा पहिल्या ओळीची हकिकत बाहेर आली.

दुहेरी एन्कोडिंग उलटे फिरवणे तत्त्वतः सोपे असते. मजकूर यूटीएफ-८ म्हणून वाचायचा, त्यातील चिन्हे विंडोज-१२५२ चे बाइट म्हणून लिहायची आणि ते बाइट पुन्हा यूटीएफ-८ म्हणून वाचायचे. मी तसा वीसेक ओळींचा प्रोग्राम तिथेच लिहिला. पहिल्या फेरीत तो त्या पत्त्यातील लांब रेघेवर अडखळला, आणि त्यातला विरोधाभास मला अजून आठवतो: सगळा गोंधळ जिच्यामुळे झाला ती रेघ विंडोज-१२५२ म्हणून वाचली गेल्यामुळे बरोबर ओळखली गेली होती आणि बरोबर लिहिली गेली होती. पूर्ण फाइलमध्ये इंग्रजीच्या पलीकडचे तेवढे एकच चिन्ह धडधाकट होते. तिला वगळून प्रोग्राम पुन्हा चालवला.

नावे परत आली, पण सगळी नाहीत. जळगाव, अमळनेर, चोपडा, पारोळा, चाळीसगाव, शिरपूर, शिंदखेडा, शहादा, तळोदा ही अक्षरन् अक्षर शाबूत परतली. धुळे, भुसावळ, साक्री, एरंडोल यांच्या मध्ये काळ्या चौकटीतील प्रश्नचिन्ह आणि त्यामागे साधे प्रश्नचिन्ह उभे होते. पंचवीसपैकी सतरा तालुके बचावले होते आणि आठ मोडले होते. आदल्या सकाळी एसटी एरंडोलवरून पारोळ्याला आली होती. एकाच रस्त्यावरची ही दोन गावे, त्यांतले एक मोडते आणि दुसरे टिकते, याचा अर्थ लागेना. साक्री, मुक्ताईनगर, अक्कलकुवा आणि अक्राणी पाहून पहिला संशय जोडाक्षरांवर गेला. पण ‘धुळे’ या शब्दात जोडाक्षर कुठे आहे? मग उकारावर संशय घेतला, तर नवापूर आणि शिरपूर व्यवस्थित होते. एरंडोलमध्ये तर यांपैकी काहीच नाही.

उत्तर विंडोज-१२५२ च्या तक्त्यात होते. त्या तक्त्यात पाच जागा रिकाम्या आहेत: ८१, ८डी, ८एफ, ९० आणि ९डी. या बाइटांना तिथे कोणतेही चिन्ह नेमलेले नाही. विंडोजची स्वतःची काही कार्ये अशा बाइटाला अदृश्य नियंत्रण-चिन्ह देऊन वेळ मारून नेतात, त्यामुळे तिथून मजकूर परत मिळू शकतो. जावा मात्र त्या जागी ‘अक्षर समजले नाही’ या अर्थाचे बदली चिन्ह ठेवते, आणि एकदा ते ठेवले की मूळ बाइट कोणता होता हे कायमचे पुसले जाते. आता देवनागरीकडे पाहावे. ऱ्हस्व उकाराची मात्रा ई० ए५ ८१ अशी लिहिली जाते आणि हलन्त, म्हणजे जोडाक्षर जोडणारे पायमोड चिन्ह, ई० ए५ ८डी असे. ‘ए’ हे अक्षर ई० ए४ ८एफ, ‘ऐ’ हे ई० ए४ ९०, ‘झ’ हे ई० ए४ ९डी आणि चंद्रबिंदू ई० ए४ ८१. दीर्घ ऊकार मात्र ८२ वर संपतो आणि ती जागा भरलेली आहे. म्हणून धुळ्यातला ऱ्हस्व उकार गेला, नवापुरातला दीर्घ ऊकार राहिला, साक्रीतला हलन्त गेला, एरंडोलचा ‘ए’ गेला. आणि मुक्ताईनगर व अक्कलकुवा यांचे ऱ्हस्व उकार आणि हलन्त दोन्ही गेले. मराठी लिहिताना ऱ्हस्व उकार आणि जोडाक्षर किती वेळा येते हे आठवले की हानीचा अंदाज येईल. इतक्या भरलेल्या तक्त्यात नेमक्या याच रिकाम्या जागा आपल्या वाट्याला याव्यात हा निव्वळ योगायोग आहे, पण फार वाईट योगायोग आहे.

तालुक्यांची नावे आमच्या मूळ तुकड्यातून परत आणणे क्षणाचे काम होते. गावांच्या यादीला तो आधार नव्हता. तरीही हरवलेला बाइट अगदीच अज्ञात नव्हता, कारण त्याच्या आधीचा बाइट शिल्लक होता. ए४ मागे हरवलेले असेल तर ते ए, ऐ, झ, चंद्रबिंदू किंवा क्वचित येणारा ऍ यांपैकी एक. ए५ मागे हरवलेले असेल तर व्यवहारात ऱ्हस्व उकार किंवा हलन्त. मी दुसरा प्रोग्राम लिहिला, जो बदली चिन्हाच्या जागी शक्य ती अक्षरे घालून पर्याय दाखवत असे. रिकाम्या जागेपुढे अनुस्वार असेल तर तिथे उकारच असणार, कारण हलन्तावर अनुस्वार बसत नाही. ‘बोरकुंड’ असे आपोआप जुळले. पुढे व्यंजन असेल तर मात्र यंत्राला ठरवता येत नाही. प्रोग्रामने ‘न्याहळोद’ साठी ‘नुयाहळोद’ हाही पर्याय तितक्याच गांभीर्याने पुढे केला तेव्हा नाना पोट धरून हसले. मग ते खुर्ची ओढून शेजारी बसले आणि एकेक नाव वाचून सांगू लागले: मुकटी, कुसुंबा, पुन्हा न्याहळोद. फागणे, कापडणे, सोनगीर, लामकानी ही आधीच शाबूत असल्याने त्यांच्यावर ते नुसती मान हलवत. संध्याकाळपर्यंत यादी पूर्ण झाली.

यानंतर आम्ही केलेले बदल थोडक्यात सांगतो. बाइट जोडणारी आज्ञा काढून टाकली. आता प्रत्येक तुकडा स्वतःच्या घोषणेसह पूर्ण एक्सएमएल असतो, तो पार्सरने वाचला जातो आणि वाचलेल्या मजकुरातून एक फाइल लिहिली जाते. मध्यंतरी ‘दुसरा तुकडाही नोटपॅडमधून यूटीएफ-८ म्हणून जतन करा’ एवढी सूचना देऊन भागवण्याचा विचार होता. पण जुने नोटपॅड तसे करताना सुरुवातीला ईएफ बीबी बीएफ ही तीन बाइटांची खूण टाकते, आणि तुकडे जोडल्यावर ती फाइलच्या पोटात जाते. मजकुरात पडली तर ती अदृश्यपणे नांदते, टॅगच्या आत पडली तर पार्सर अडतो. म्हणून तो विचार सोडला. पत्त्यात लांब रेघ हवीच असेल तर ती अँपरसँड, हॅश, ८२११ आणि अर्धविराम अशा अंकी संदर्भाने लिहिली जाते, कारण असा संदर्भ कोणत्याही एन्कोडिंगमध्ये तसाच टिकतो. जतन करण्यापूर्वी मजकुरात बदली चिन्ह आढळले तर प्रणाली जतन करण्यास नकार देते आणि आधीची फाइल तारखेसह बाजूला ठेवते. हे शेवटचे बंधन पहिल्या दिवसापासून असायला हवे होते, आणि ते नव्हते ही चूक फोनवरच्या सहकाऱ्याची नसून जतन करण्याचा भाग लिहिणाऱ्या माझी होती. त्याने रांग पाहून निर्णय घेतला. माझ्याकडे लिहिताना रांग नव्हती.

एक नोंद मात्र त्या संध्याकाळी सुटली नाही. तळाच्या सूचनांमध्ये ‘हमाली गाडी’ असे लिहून पुढे ‘प’, मग हरवलेले चिन्ह, मग ‘रती’ असे शिल्लक होते. हलन्त घातला तर ‘हमाली गाडीप्रती’, म्हणजे दर गाडीमागे. उकार घातला तर ‘हमाली गाडीपुरती’, म्हणजे गाडीतून माल उतरवण्याएवढीच, पुढे गंजीवर चढवण्याची वेगळी. दोन्ही शब्द शुद्ध, दोन्ही अर्थ लागणारे, आणि दोहोंमध्ये शेतकऱ्याच्या खिशाचा फरक. नानांना विचारले तर ते म्हणाले की दोन्ही पद्धती त्यांनी पाहिल्या आहेत आणि ही ओळ त्यांच्या आधीच्या माणसाने भरली होती. शेवटी त्यांनी कपाटातून मागच्या हंगामाच्या पावत्यांचा गठ्ठा काढला, दोरी सोडली, वरची धूळ फुंकली आणि एक कार्बन प्रत उजेडात धरली. ‘गाडीपुरती’ होते.